शैलजाताईंचा उजवा डोळा

"मावशी, तुम्ही बसा हो खुशाल. मी अशीच बोलते," शैलजाताई जमिनीकडे तोंड करून म्हणाल्या.

रत्नाबाई बसल्या. समोर काय, तर शैलजाताईंची पाठ. मालिशवाल्यांकडे असते तशी एक खुर्ची भाड्याने आणली होती. तिच्या वरच्या टोकाला मधोमध भोक असलेली उशी होती आणि त्या भोकात तोंड खुपसून ही बाई सकाळपासून ओणवी पडली होती. खाली जमिनीवर मोबाइल टेकवून ठेवलेला, त्यावर मराठी मालिका चालू, आणि शैलजाताई मधूनमधून हसत होत्या. डोळ्याचा पडदा सुटला म्हणून ऑपरेशन होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. आत गॅसचा बुडबुडा भरलेला, मनगटावर विमानात बसू नका असं बजावणारी हिरवी पट्टी, आणि बाईंना हसू येत होतं. रत्नाबाईंना ते हसू पाठीवरूनसुद्धा दिसत होतं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता.

बेल वाजली. समोरच्या बिल्डिंगमधली रुही दारात उभी, हातात डबा. आजारी माणसाला बघायला आली होती बिचारी.

शैलजाताईंनी मानसुद्धा हलवली नाही. "रुही का? सॉरी हं, मला उठता येत नाही. डबा मावशींकडे दे. नेक्स्ट वीकला ये, मस्त गप्पा मारू."

"टेक केअर हं काकू," म्हणत रुही दारातूनच परत गेली. पाणीसुद्धा न पिता. डबा ओट्यावर ठेवताना रत्नाबाईंचेच कान गरम झाले. पाहुणी उंबऱ्यावरून परत पाठवायची, तीही पाठ दाखवून. हे आपल्याला जमलं असतं का? नाही जमलं. म्हणून तर ही वेळ आली, असं त्या गेलं वर्षभर स्वतःला सांगत आल्या होत्या.

आता रत्नाबाई कोण, ते सांगायला हवं. नागपूरच्या इंदोऱ्यातली ही बाई. नवरा गेला तेव्हा मुलगा अतुल अमेरिकेत पिस्कॅटवेला नोकरीत स्थिरावला होता. त्याने आईला बोलावून घेतलं. आईने येताना लोणच्याआधी कात्री बॅगेत घातली. इथे आल्यावर रिकामं बसवेना, मग जवळच्या आयसेलिन गावातल्या ओक ट्री रोडवरच्या एका साडीच्या दुकानाचे ब्लाउज शिवायला लागल्या. बाई जाड असो, बारीक असो, खांद्याने तिरकी असो, रत्नाबाईंचा ब्लाउज अंगावर बसला नाही असं कधी झालं नाही. इंग्रजी आलं नाही, गाडी चालवता आली नाही, पण हातात सुई होती तोवर त्या कुणाच्या मिंध्या नव्हत्या.

गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या गर्दीत त्यांच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळी सावली आली. चष्म्याला डाग पडला असेल, असं समजून त्यांनी चष्मा धुतला. सावली गेली नाही. डोळा धुतला, तरी गेली नाही. घरात कोणाला बोलल्या नाहीत, कारण बोललं की अतुल मशीनवर बसू देणार नाही, आणि बायकांचे ब्लाउज तर पाडव्याच्या आत द्यायचे होते. सावली रोज थोडी वर चढत राहिली. एके सकाळी अतुल समोर उभा असताना डावा डोळा चोळला, तर त्याचे कान दिसले आणि नाक दिसेना, तेव्हा कुठे त्या घाबरल्या. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलं, गॅस भरला आणि बजावलं की आठवडाभर तोंड जमिनीकडे ठेवायचं. बुडबुडा वर चढतो आणि सुटलेला पडदा दाबून धरतो, म्हणून डोळ्याचं मागचं अंग वर हवं. अतुलने सगळं नीट समजावून सांगितलं होतं.

पण माणसं यायला लागली.

सगळ्यात आधी आल्या त्या शैलजाताई. रत्नाबाईंची जुनी गिऱ्हाईक, मूळची पुण्याची, अतुलच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहणारी. इतक्या वर्षांत दारातूनच माप दिलं होतं, दारातूनच ब्लाउज नेला होता, दारातूनच थँक्यू म्हटलं होतं. त्या दिवशी फळांची पिशवी घेऊन पहिल्यांदा आत आल्या आणि सोफ्यावर बसून म्हणाल्या, "मावशी, चहा घेईन हं मी."

रत्नाबाईंची आई जन्मभर लोकांच्या घरी वेगळ्या कपातून चहा प्यायली होती, तोही मागच्या दारी. आणि आज अशी बाई आपण होऊन आपल्या घरचा चहा मागते आहे, तर आपण काय पालथं पडून राहायचं? सून प्रणिता म्हणाली, "आई, मी करते ना." पण छे. रत्नाबाई उठल्या, पदर सारखा केला, आलं किसलं, वेलदोडा कुटला आणि चांगल्या कपांत चहा आणला. मग ताठ बसून गप्पा मारल्या. शैलजाताईंनी दोन कप घेतले. "अप्रतिम," म्हणाल्या आणि अंधार पडेपर्यंत बसल्या. त्यानंतर रविवारच्या बुद्धवंदनेची मंडळी आली, दुकानातल्या बायका आल्या, अतुलच्या ऑफिसातले आले. आजारी माणसाला बघायला जायचं ही आपली रीत, आणि बघायला आलेल्यासमोर आजाऱ्याने नीट उठून बसायचं, हीही आपलीच रीत. रत्नाबाईंनी दोन्ही पाळल्या.

पडदा पुन्हा सुटला. दुसरं ऑपरेशन झालं, गॅसऐवजी डोळ्यात तेल भरलं, काही महिन्यांनी तेही काढलं. आता त्या डोळ्यापुढे हात हलवला तर काहीतरी हलतंय एवढं कळतं. एका डोळ्यावर अंतराचा अंदाज येत नाही, त्यामुळे दोरा सुईच्या शेजारून जातो. दुकानाने हळूच ब्लाउज दुसरीकडे दिले आणि रत्नाबाईंकडे साड्यांना फॉल लावायचं काम ठेवलं. मेहेरबानीच ती.

आणि मग एका सकाळी शैलजाताईंचा फोन आला. "मावशी, तुम्हाला ते काय झालं होतं हो? माझ्या उजव्या डोळ्यात कडेला सारखं लखलखतंय. आणि काळ्या माशा उडतायत."

"गॅस बंद करा न निघा," रत्नाबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. मी थांबली न, तसं थांबू नका."

शैलजाताई तडक गेल्या. तोच डोळा, तीच डॉक्टरीण. पडदा एका कडेनेच सुटला होता, मधला भाग, ज्याने वाचता येतं, माणूस ओळखता येतं, तो जागच्या जागी होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. फोन ठेवल्यावर रत्नाबाईंना वाटलं होतं, चला, कुणाच्या तरी उपयोगी पडलो. ते वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. मग पोटात दुखायला लागलं. आपल्याला सांगायला कोणी नव्हतं. हिला होतं, कारण आधी आपला डोळा गेला होता. म्हणजे आपण फुटलेली बरणी, तिच्याकडे बघून हिने आपली बरणी सांभाळून ठेवली.

वर शैलजाताईंचे यजमान श्रीरंग घरी येऊन हात जोडून म्हणाले, "मावशी, दिवसाचं कोणी नाहीये हो. आमची मुलगी निधी कॉलेजला, मला ऑफिसला जावंच लागतंय. तुम्हाला यातलं सगळं माहीत आहे." रत्नाबाईंना नाही म्हणता आलं असतं. प्रणिताने तर डोळ्यांनी खुणावलंही. पण खरं सांगायचं तर त्यांना जायचंच होतं. हेवा माणसाला घरी स्वस्थ बसू देत नाही. ज्याने जळतो, तेच जवळून बघावंसं वाटतं.

म्हणून त्या इथे होत्या. चहात स्ट्रॉ घालून देत होत्या, मानेला तेल लावून देत होत्या, डोळ्यात थेंब घालत होत्या. शैलजाताई प्रत्येक गोष्टीला "थँक्यू मावशी" म्हणत होत्या आणि ते प्रत्येक थँक्यू रत्नाबाईंना टोचत होतं.

दुपारी जेवण झाल्यावर शैलजाताई पलंगावर गेल्या. छातीखाली उशी, कपाळाखाली उशी, तोंड खाली. "मावशी, मी झोपेत वळले तर उठवा हं. तुमच्या भरवशावर झोपते," म्हणाल्या आणि लगेच घोरायला लागल्या. रत्नाबाई शेजारच्या खुर्चीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या.

थोड्या वेळाने पलंग करकरला. शैलजाताई वळल्या. आधी कुशीवर, मग उताण्या. डोळ्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण छताकडे, तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबत होता.

उठवायला हवं होतं. रत्नाबाईंनी "ताई" म्हणायला तोंडही उघडलं. आणि मिटलं.

त्या बघत राहिल्या. मनात आलं, हिला काय कमी आहे? नवरा आहे, इंग्रजी आहे, गाडी आहे, लाज न बाळगता पाहुण्याकडे पाठ करायची हिंमत आहे. डोळे दोन आहेत. माझ्या घरी येऊन दोन कप चहा प्यायली आणि माझा डोळा घेऊन गेली. हिचा का राहावा? मी काही केलं नाही, मी फक्त उठवलं नाही. झोपेत वळली, तिचं नशीब. असंही मनात आलं की डोळा गेल्यावर ही आपल्याकडे येईल, आपण दोघी खिडकीपाशी बसू, आणि हिला सुईत दोरा ओवता येणार नाही. तो विचार इतका गोड वाटला की रत्नाबाई स्वतःलाच घाबरल्या, आणि तरी उठल्या नाहीत. टॉवेलांच्या घड्या झाल्या, चादरींच्या झाल्या, मोज्यांच्या जोड्या लागल्या. शैलजाताई उताण्याच होत्या.

मग बाहेरच्या दाराला किल्ली लागल्याचा आवाज आला. श्रीरंग लवकर घरी आले होते.

रत्नाबाई ताडकन उठल्या. खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक हात घालून त्यांनी शैलजाताईंना पालथं केलं. चांगुलपणा म्हणाल तर तो नव्हे. चोरी पकडली जाईल, ही भीती होती.

"वळले होते का मी?" शैलजाताई झोपेतच म्हणाल्या.

"आत्ताच. लगेच पाह्यलं न मी."

"तुम्ही आहात म्हणून बरं आहे, मावशी."

त्या रात्री रत्नाबाईंनी ताटातली भाकरी तशीच झाकून ठेवली. इतके दिवस तिचा डोळा जावा असं वाटत होतं. आता तो गेला तर आपल्यामुळे जाईल, असं वाटू लागलं. जावा असंही वाटत होतं आणि जाऊ नये असंही, आणि दोन्ही एकाच पोटात मावत नव्हतं. रविवारी वंदनेला सगळ्यांसोबत हात जोडून बसल्या. सगळे प्राणी सुखी होवोत, असं म्हणायची वेळ आली तेव्हा त्यांचे ओठ नुसते हलले. शेजारी बसलेल्या उपासनाने विचारलं, "मावशी, बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "घसा बसला."

तपासणीच्या दिवशी शैलजाताई हट्टच धरून बसल्या. "तुम्ही यायचंच. तुम्ही लकी आहात मला." श्रीरंगांनी दोघींना दवाखान्याच्या दाराशी सोडलं आणि ते गाडी लावायला गेले.

डॉक्टरीणबाई उंच, केस पिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. रत्नाबाईंना ओळखून त्या हसल्या. कपाळाला दिवा बांधून त्यांनी शैलजाताईंच्या डोळ्यात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघितलं. त्या बघत होत्या तोवर रत्नाबाईंनी पर्सचा बंद इतका पिळला की बोटं पांढरी पडली.

डॉक्टरीणबाई इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या आणि शैलजाताई मागे वळल्या. "मावशी, चिकटलाय पडदा. पूर्ण चिकटलाय."

मग डावा डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. शैलजाताई म्हणाल्या, बुडबुडा खाली पाण्यासारखा हलतोय, पण त्याच्या रेघेवरचं सगळं दिसतंय. हनुवटी जरा खाली घेऊन त्या वाचत गेल्या. मोठी अक्षरं, मधली अक्षरं, मग त्याखालची. रत्नाबाईंनी श्वास सोडला. एक क्षण, खरंच एक क्षण, त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या क्षणी शैलजाताई आणखी खालची ओळ वाचायला लागल्या आणि रत्नाबाईंच्या छातीत पुन्हा तेच पेटलं. याच खुर्चीत, याच तक्त्यासमोर आपण बसलो होतो आणि आपल्याला तक्ता कुठल्या भिंतीवर आहे तेही कळलं नव्हतं.

"ताई, एक विचारा त्यांले," त्या एकदम म्हणाल्या.

"काय विचारू?"

"झोपेत कोणी उताणं झालं, तर पडदा सुटते का?"

शैलजाताईंनी हसतहसत इंग्रजीत विचारलं. डॉक्टरीणबाईंनी उलट प्रश्न केला. शैलजाताईंनी तो मराठीत आणला, आणि आणता आणता त्यांचं हसू थांबलं. "किती वेळ, विचारतायत." मग हळू आवाजात म्हणाल्या, "किती वेळ झोपले होते मी तशी, मावशी?"

खोलीत यंत्राचा बारीक आवाज चालू होता. रत्नाबाईंना पुन्हा "आत्ताच" म्हणता आलं असतं.

"तासभर," त्या म्हणाल्या. "जास्तच असंन. मी जागीच होती."

शैलजाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. दोन्ही डोळ्यांनी. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, आवाज जराही न बदलता त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. आपण जागे होतो हे शेवटचं सांगितलं की नाही, ते रत्नाबाईंना कळलं नाही.

डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या आणि शैलजाताई तुकड्यातुकड्याने सांगत गेल्या. "म्हणतायत, असं व्हायला नको, पण एवढ्या तेवढ्याने बहुतेक काही बिघडत नाही. पहिल्या ऑपरेशनमध्ये दहातले साधारण नऊ पडदे बसतात. एखाद्या डोळ्यात मात्र जखम भरताना आत वण तयार होतो आणि तो पडद्याला ओढून पुन्हा सोडवतो. कोणाच्या डोळ्यात होईल ते आधी सांगता येत नाही." त्या थांबल्या. डॉक्टरीणबाई आता थेट रत्नाबाईंकडे बघून बोलत होत्या. "तुमच्याबद्दल बोलतायत, मावशी. म्हणतायत, तुमच्या डोळ्यात तो वण फार जोराचा होता. तुम्ही उठून बसलात म्हणून डोळा गेला, असं त्यांना वाटत नाही. आठवडाभर हलला नसतात, तरी बहुतेक हेच झालं असतं. आणि तुम्ही आलात तेव्हा मधला भाग आधीच सुटला होता. पडदा बसला असता, तरी नजर पहिल्यासारखी आली नसती."

रत्नाबाईंनी मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर दोघी फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या. श्रीरंग गाडी आणायला गेले होते. पार्किंगच्या पलीकडे मेपलची पानं लाल व्हायला लागली होती. शैलजाताई काळा चष्मा घालून रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि रत्नाबाईंना वाटलं की आता ही आयुष्यात आपल्याशी बोलणार नाही. बरोबरच आहे.

"मले वाटे, तुमचाबी जावा," रत्नाबाई म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या. "पाहत बसली मी. घड्या घालत."

शैलजाताईंनी काळा चष्मा नाकावर नीट बसवला. मग विचारलं, "अजून वाटतं?"

रत्नाबाईंनी खरोखरच विचार केला. "जावा असं नाही वाटत. पण तुमी वाचत होत्या न आत, तर ऐकवत नव्हतं मले. जळलीच मी. ते काही जाईल असं वाटत नाही."

"हं," शैलजाताई म्हणाल्या.

"वर्षभर म्या तुमच्यावर राग ठेवला, ताई. तुमी आल्या, बसल्या, न माझा डोळा गेला. उठताबसता तेच म्हणत होती मनात. त्यानं दिवस निघून जाये." रत्नाबाईंनी दवाखान्याच्या दाराकडे बोट केलं. "आता ही बाई म्हणते, कोणामुळंच नाही गेला. मंग मी कोणावर रागावू?"

एक मोठी व्हॅन समोरून गेली.

"माझ्यावरच राहू द्या," शैलजाताई म्हणाल्या. "मला चालेल."

श्रीरंगांची गाडी वळणावर दिसली, म्हणजे शैलजाताईंना दिसली. रत्नाबाईंच्या उजवीकडे ते वळण होतं आणि त्या तर फुटपाथवरून पाय खाली टाकायला निघाल्या होत्या. शैलजाताईंनी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. मग त्यांच्या मागून वळसा घालून त्या दुसऱ्या बाजूला, उजव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या. तिथे त्या रत्नाबाईंना अजिबात दिसत नव्हत्या. दंडावर धरलेला हात तेवढा कळत होता, जरा जास्तच घट्ट. रत्नाबाईंनी तो सोडवून घेतला नाही, आणि त्यावर आपला हातही ठेवला नाही. गाडी येऊन थांबेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.